घराच्या कामाची वॉरंटी: शेवटचा हप्ता हातातून जाण्याआधी

"ताई, टेन्शन घेऊ नका. काही झालं तर एक फोन करा, मी आहेच."

आमच्या बाथरूमचं काम संपलं त्या दिवशी ठेकेदार हे म्हणाला आणि मी उरलेले सगळे पैसे देऊन टाकले. काम दिसायला छानच झालं होतं. आठ महिन्यांनी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला बोलावून त्यांच्या न्हाणीघराचं छत दाखवलं. ताटाएवढा पिवळट डाग, मधोमध रंगाचे पोपडे, आणि खाली ठेवलेल्या बादलीत थेंब थेंब पाणी. काकू एक शब्द वावगं बोलल्या नाहीत, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

ठेकेदार म्हणाला, टाइल्स माझ्या, पण पाइप तुमच्या प्लंबरने टाकलेत. प्लंबर म्हणाला, पाइप ठणठणीत आहेत, वॉटरप्रूफिंग गेलंय. वॉटरप्रूफिंगच्या केमिकलवर कंपनीची वॉरंटी होती म्हणे, पण दुकानदाराने बिल मागितलं आणि ते ठेकेदाराच्या नावावर होतं. तिघांनीही आपापली बाजू मांडली आणि माझ्याकडे दाखवायला एक कागद नव्हता. शेवटी सगळं फोडून पुन्हा केलं, स्वतःच्या खर्चाने. काकूंचं छतही करून दिलं.

त्यानंतर काही वर्षं सोसायटीची सेक्रेटरी होते. गळती, तडे, उखडलेल्या टाइल्स, फुगलेली दारं यांचे अर्ज माझ्याकडे येत. बहुतेक ठिकाणी दोष खरा होता, चूक कुणाची तेही दिसत होतं, पण घरमालकाला काही मिळत नव्हतं. कारण हमी काय होती, कुणाची होती आणि कधीपर्यंत होती, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते लिहून घेण्याची वेळ काम सुरू होण्याआधी असते, आणि त्याला वजन शेवटचा हप्ता तुमच्याकडे असेपर्यंतच असतं. म्हणून हा लेख, क्रमाने.

आधी ठरवा: तुमच्या कामाला कुठली हमी लागू आहे?

लोक सरसकट "वॉरंटी आहे ना?" असं विचारतात. वॉरंटी म्हणायचं की गॅरंटी, यावर वेळ घालवू नका. कागदावर काय लिहिलंय ते महत्त्वाचं. पण हमी देणारा कोण, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

बिल्डरकडून फ्लॅट घेतला असेल आणि प्रकल्प रेराखाली, म्हणजे केंद्राच्या स्थावर मालमत्ता कायद्याखाली, नोंदलेला असेल, तर हमी कायद्यानेच दिली आहे. ती बिल्डरने वेगळी द्यावी लागत नाही. साधारणपणे ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन आणि आठपेक्षा जास्त सदनिका असलेल्या प्रकल्पाला ही नोंदणी सक्तीची आहे. कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे गोव्यातल्या फ्लॅटलाही तोच लागू. प्राधिकरण तेवढं त्या राज्याचं.

स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून बंगला बांधून घेतला, तर रेरा मध्ये येत नाही. तिथे तुमचा करार हीच तुमची हमी. राहत्या घराचं नूतनीकरण, म्हणजे बाथरूम, किचन, फरशी, खिडक्या, रंग, यालाही तेच लागू. या दोन्ही कामांत ग्राहक संरक्षण कायदा मात्र तुमच्या बाजूने उभा असतो, कारण पैसे घेऊन केलेलं घरबांधणीचं काम ही 'सेवा' आहे. सर्वोच्च न्यायालयाने हे १९९३ च्या लखनौ विकास प्राधिकरणाच्या निकालातच स्पष्ट केलं, आणि २०१९ च्या कायद्याच्या व्याख्येत घरबांधणीचा उल्लेख आहेच.

तिसरी हमी मालाची असते: रंग, नळ, प्लायवूड, वॉटरप्रूफिंग, खिडक्या. ती कंपनी देते, ठेकेदार नाही. या हमीचा गोंधळ सर्वांत जास्त होतो, त्यावर पुढे लिहिते.

नवा फ्लॅट: रेराची पाच वर्षं

रेरा कायद्याचं कलम १४(३) प्रत्येक फ्लॅटधारकाने एकदा वाचावं. ताबा दिल्याच्या तारखेपासून ५ वर्षांच्या आत इमारतीच्या सांगाड्यातला दोष, किंवा कारागिरी, दर्जा, सेवा-सुविधा यांतला दोष बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर त्याने तो ३० दिवसांत, एक रुपयाही न घेता दुरुस्त करायचा. केला नाही तर भरपाई मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

पाच वर्षांची ही मुदत फक्त कॉलम-बीमला आहे, असं बरेच जण समजतात, आणि बिल्डरची माणसंही तसंच सांगतात. "स्ट्रक्चरला पाच वर्षं, बाकी सगळ्याला एक वर्ष." हे चूक आहे. बाथरूमची गळती, उखडलेली फरशी, खिडकीतून आत येणारं पावसाचं पाणी, उतार चुकल्यामुळे तुंबणारी मोरी ही कारागिरी आणि दर्जाचीच बाब आहे. करारात यापेक्षा कमी मुदत छापली असली तरी ती कायद्यापुढे टिकत नाही. महारेराने, म्हणजे महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणाने, करारनाम्यातली जी कलमं बदलता येणार नाहीत असं सांगितलंय, त्यांत दोष दायित्वाचं, म्हणजे दोष दुरुस्त करण्याच्या जबाबदारीचं, कलम आहे.

तरीही करारनाम्यातलं हे कलम शेवटपर्यंत वाचाच. महाराष्ट्रातल्या बऱ्याच करारांत त्याच्या पोटात अपवाद असतात. तापमानात २० अंशांहून जास्त फरक पडल्याने भिंतीवर येणाऱ्या केसासारख्या बारीक भेगा दोष धरल्या जाणार नाहीत, असं एक वाक्य हमखास भेटतं. दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं: बिल्डरच्या लेखी परवानगीशिवाय बाथरूम, संडास, किचनमध्ये फेरफार केले आणि त्यामुळे पाणी झिरपलं, तर दोष दायित्व आपोआप संपेल.

ताबा मिळाल्या मिळाल्या बाथरूमच्या टाइल्स फोडून नव्या बसवणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. हौस असते, समजते. पण त्या दिवशी बिल्डरच्या हाती आयतं कारण जातं. इंटिरियर करायचंच असेल, तर पहिली पाच वर्षं ओल्या भागाला, म्हणजे बाथरूम, संडास, किचनला, हात लावू नका. लावायचाच असेल तर आधी ईमेलवर परवानगी घ्या आणि काम सुरू होण्यापूर्वी खालच्या फ्लॅटचं छत कोरडं असल्याचे फोटो काढून ठेवा.

फ्लॅट दुसऱ्याकडून घेतला असेल तर? कायद्याच्या व्याख्येत नंतर विकत घेणाराही येतो, म्हणजे उरलेली मुदत तुमची. मात्र घड्याळ पहिल्या ताब्यापासूनच चालतं. त्यामुळे विकणाऱ्याकडून मूळ ताबापत्राची प्रत मागून घ्या. ती नसेल तर पाच वर्षं कधी संपली हे सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

फ्लॅट बंद ठेवून परदेशी किंवा परगावी राहणाऱ्यांसाठी एक सांगायचं आहे. कुलूप असलं तरी मुदत धावतच असते. पहिल्या दोन पावसाळ्यांत भावाला, मामाला, कुणालाही किल्ली देऊन जुलैच्या अखेरीस एकदा आत जाऊन सगळ्या भिंतींचे फोटो काढायला सांगा.

ताबा घेताना

घाई करायला लावतात. मुहूर्त असतो, पेढे असतात, घरची मंडळी असतात. पाहणीसाठी त्याच्या आधीचा एक दिवस, भर उजेडाचा, वेगळा मागून घ्या. सोबत बादली, टॉर्च, खडू, मोबाइलचा चार्जर आणि पाच रुपयांचं नाणं न्या.

नाण्याने प्रत्येक टाइलवर टकटक करा. भरीव आवाज आला तर खाली माल नीट भरलाय. पोकळ, डबडब आवाज आला तर ती टाइल वर्षा-दोन वर्षांत सुटणार किंवा फुटणार. त्या टाइलवर खडूने फुली मारा आणि फोटो काढा. बाथरूममध्ये बादलीभर पाणी जोरात ओता आणि पाहत उभे राहा. पाच मिनिटांनी कोपऱ्यात थारोळं उरलं असेल तर उतार चुकलाय. हीच परीक्षा ड्राय बाल्कनीत आणि गॅलरीत करा. खिडक्यांवर बाहेरून पाणी मारता आलं तर उत्तम, नाहीतर चौकटीचा आणि भिंतीचा सांधा बोटाने दाबून पाहा, सीलंट सलग आहे का. चार्जर प्रत्येक सॉकेटमध्ये लावा. दारं अर्धी उघडून सोडा. आपोआप सरकलं तर चौकट ओळंब्यात नाही.

सगळे दोष क्रमांकाने लिहा, खोलीवार. दोन प्रती काढा आणि एकीवर बिल्डरच्या प्रतिनिधीची सही आणि तारीख घ्या. मग ताबापत्र वाचा. त्यात बहुधा असं वाक्य असतं: "सदनिका समाधानकारक स्थितीत मिळाली असून माझी कोणतीही तक्रार नाही." ते खोडायला नकार मिळाला तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: "सोबत जोडलेल्या यादीतील दोष दुरुस्त करण्याच्या अटीवर ताबा स्वीकारला." एवढ्या एका ओळीने पुढचे कितीतरी वाद वाचतात. आणि भोगवटा प्रमाणपत्राशिवाय (इमारत राहायला योग्य असल्याचा सरकारी दाखला) ताबा घेऊ नका, मग समोरचा कितीही "फक्त फर्निचरसाठी" म्हणो.

ठेकेदाराकडून काम: हमी तुम्हीच लिहायची आहे

कायद्याने बांधून दिलेली पाच वर्षं इथे नाहीत, म्हणून सर्वांत जास्त काळजी इथे घ्यायची. नूतनीकरणाची कामं बहुधा एका कोटेशनवर चालतात. कोटेशन म्हणजे "बाथरूम रिनोव्हेशन – लमसम" आणि खाली एक आकडा. त्यावर हमी उभी राहू शकत नाही, कारण काय करायचं ठरलं होतं हेच त्यात नसतं.

दोन पानी करार पुरतो. मोठं काम असेल, बंगला असेल, तर वकिलाकडून योग्य मुद्रांकावर करून घ्या. छोट्या कामासाठी दोघांच्या सह्यांचा साधा कागदही तोंडी शब्दापेक्षा कितीतरी बरा. त्यात मालाचं नाव, प्रकार आणि दर्जा लिहा. "चांगल्या कंपनीचा प्लाय" असं नाही, तर "किचनच्या ओट्याखाली आयएस ७१० खुणेचा प्लाय", म्हणजे पाणी सोसणारा. आयएस ३०३ चा साधा प्लाय पाण्याजवळ वापरला तर तो फुगतो. मग ठेकेदार "पाणी लागलं" म्हणणार आणि तुम्ही "प्लाय हलका" म्हणणार. माल कोण आणणार तेही लिहा. तुम्ही आणलेल्या मालाच्या दोषाची जबाबदारी ठेकेदार घेणार नाही, आणि त्यात त्याचं चुकत नाही.

माझ्या बाबतीत झालेली चूक ही की प्लंबर मी आणला आणि बाकी काम ठेकेदाराने केलं. ओल्या भागात हे कधीच करू नका. बाथरूमचा स्लॅब खाली दाबलेला असतो, त्या खड्ड्यात पाइप बसतात, वर भराव आणि कोबा, त्यावर फरशी. गळती झाली की पाणी कुठून आलं हे वरून कळत नाही. पाइप, वॉटरप्रूफिंग आणि टाइल्स या तिन्हींची जबाबदारी एकाच माणसाकडे असेल, तरच त्याला बोट दुसरीकडे दाखवता येत नाही.

आता हमीचं कलम. मी नंतर सोसायटीतल्या लोकांना जे लिहून देत असे ते असं:

"काम पूर्ण झाल्याच्या पत्रावर उभयतांच्या सह्या झाल्याच्या तारखेपासून ३ वर्षांत बाथरूममधून खालच्या छतात किंवा लगतच्या भिंतीत गळती अथवा ओल आढळल्यास, कळवल्यापासून ७ दिवसांत ठेकेदार पाहणी करील व ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्ती करील. त्यासाठी फोडाव्या लागणाऱ्या टाइल्स, गिलावा, रंग, प्लंबिंग व राडारोडा उचलण्याचा खर्च, तसेच खालच्या सदनिकेच्या छताची दुरुस्ती ठेकेदाराकडे राहील. मुदतीत दुरुस्ती न झाल्यास मालक ती इतरांकडून करून घेईल व तो खर्च राखून ठेवलेल्या रकमेतून वळता करील. रक्कम अपुरी पडल्यास फरक ठेकेदार देईल."

यात फोडाफोडीच्या खर्चाचं वाक्य सर्वांत मोलाचं आहे. वॉटरप्रूफिंगचा थर पुन्हा देण्याचा खर्च थोडा असतो. टाइल्स फोडणं, नव्या आणणं, भराव काढणं, पुन्हा बसवणं, खरा पैसा तिथे जातो. "वॉटरप्रूफिंग फुकट करून देतो, टाइल्सचं तुम्ही बघा" ही तडजोड लोक नाइलाजाने मान्य करतात, कारण आधी लिहिलेलं नसतं.

मुदत किती मागायची? रंगाला एक-दोन वर्षं, सुतारकामाला आणि प्लंबिंगला एक ते तीन, ओल्या भागाच्या वॉटरप्रूफिंगला किमान तीन, गच्चीला पाच ते दहा. दहा वर्षं लगेच देणाऱ्यापेक्षा विचार करून तीन देणाऱ्यावर माझा जास्त विश्वास बसतो. त्याचं दुकान कुठे आहे, किती वर्षांपासून आहे, हे विचारा आणि त्याने तीन-चार वर्षांपूर्वी केलेलं एखादं घर प्रत्यक्ष पाहून या. कालच संपलेलं काम सगळ्यांचंच देखणं असतं.

राखीव रक्कम

एकूण रकमेच्या ५ ते १० टक्के रक्कम हमीपोटी मागे ठेवायची. मोठ्या कामांच्या टेंडरमध्ये ही नेहमीची रीत आहे. घरच्या कामात मागितली की ठेकेदाराला अविश्वास वाटतो, म्हणून पहिल्याच बोलण्यात सांगा, शेवटी नको. ४ लाखांचं काम असेल तर ४० हजार. त्यातले २० हजार काम संपल्यावर तीन महिन्यांनी आणि उरलेले २० हजार एक पूर्ण पावसाळा गेल्यावर, असं तारखांसह लिहा. आणि त्या तारखेला, काही दोष नसेल तर, न मागता पैसे द्या. चांगल्या कारागिराचे पैसे अडवून ठेवणं हा अन्याय आहे.

"बिल नको असेल तर जीएसटी वाचेल" या बोलण्याला भुलू नका. बिल नसेल तर काम झाल्याचा, पैसे दिल्याचा आणि तारखेचा पुरावा एकदमच जातो. पैसे बँकेतून द्या. रोख द्यावेच लागले तर पावती घ्या.

फरशी झाकण्याआधीची तपासणी

हमी वापरायची वेळच येऊ नये यासाठी ही एक गोष्ट करा. वॉटरप्रूफिंगचा थर वाळला की, टाइल्स बसण्यापूर्वी, नहाणी ट्रॅप बंद करून बाथरूममध्ये तीन-चार इंच पाणी भरायचं. पाण्याच्या पातळीवर भिंतीला खडूची रेघ मारायची. ४८ तास पाणी तसंच ठेवायचं आणि मग खालच्या घरात जाऊन छत हाताने चाचपायचं. वर रेघ आणि पाणी यांत थोडा फरक पडेल, ते बाष्पीभवन. पाणी बोटभर खाली गेलं असेल तर काम थांबवा. गच्चीला हीच परीक्षा ७२ तास करा. पाइपांची वेगळी चाचणी असते. सगळी तोंडं बंद करून पंपाने दाब द्यायचा आणि काटा खाली येतो का पाहायचं. अर्धा दिवस जातो. ठेकेदार कुरकुर करील. करू द्या.

याच वेळी उघड्या पाइपांचे फोटो काढा, शेजारी मेजर टेप ठेवून. तीन वर्षांनी कुणी भिंतीला ड्रिल लावेल तेव्हा पाइप कोपऱ्यापासून किती इंचांवर आहे ते त्या फोटोवरून सांगता येईल. केमिकलचे डबे, ग्राऊटच्या पिशव्या राडारोड्यात जाण्याआधी त्यांच्यावरचा बॅच नंबर आणि तारीख टिपून घ्या.

कंपनीची वॉरंटी: पाठीमागची बारीक अक्षरं

डब्यावर "१० वर्षं" मोठ्या अक्षरांत असतं. अटी मागे असतात. पाच गोष्टी शोधा.

पहिली, हमी फक्त मालाची की मजुरीचीही? बऱ्याच ठिकाणी दोष सिद्ध झाला तर कंपनी तेवढ्याच रंगाचे डबे देते. परांची बांधणं, खरवडणं, मजुरी हे तुमचं.

दुसरी, पद्धत. बाहेरच्या रंगाची हमी ठरावीक प्रायमर आणि ठरावीक हात दिले तरच लागू होते. रंगाऱ्याने प्रायमरचा हात वाचवला की हमी तिथेच संपली. भिंतीत आधीच ओल असेल, गिलाव्याला तडे असतील, खार फुटला असेल, तर त्यामुळे निघालेल्या पोपड्यांना रंगाची कंपनी जबाबदार नसते.

तिसरी, कोणी लावलं. वॉटरप्रूफिंगच्या काही हम्या कंपनीच्या मान्यताप्राप्त माणसाकडून काम झालं तरच मिळतात आणि त्याचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. ठेकेदाराने "कंपनीची गॅरंटी आहे" म्हटलं, तर ते प्रमाणपत्र तुमच्या नावाने, तुमच्या पत्त्यासह हातात पडेपर्यंत पैसे थांबवा.

चौथी, नोंदणी. नळ, चिमणी, गीझर यांची वॉरंटी ठरावीक दिवसांत ऑनलाइन नोंदवायला सांगितलेली असू शकते. त्याच संध्याकाळी करा. पाचवी, देखभाल. खाऱ्या किंवा जड पाण्याने नळाची जाळी तुंबली तर तो दोष नाही, ती साफ करायची असते. मॉड्युलर किचनमध्ये तर खोक्याची हमी वेगळी, बिजागऱ्या-चॅनेलची वेगळी आणि ओट्याच्या दगडाला बहुधा काहीच नाही.

बिलं मात्र तुमच्याच नावाने हवीत. ठेकेदाराने माल आणला तरी दुकानदाराला सांगून तसं करता येतं.

सोसायटीची मोठी दुरुस्ती

गच्ची आणि बाहेरच्या भिंतींतून येणारं पाणी ही सोसायटीची जबाबदारी, त्यामुळे तिची हमीही सोसायटीच्या नावाने. यात सेक्रेटरी म्हणून दोनच गोष्टी तळमळीने सांगते. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगनंतर तिथे कुणालाही खिळा मारू देऊ नका. डिशवाला, केबलवाला, सोलरवाला कठड्याला ड्रिल लावतो, कोबा आणि कठडा जिथे मिळतात तिथला गोलाकार वाटा फुटतो आणि ठेकेदार हात वर करतो. गच्चीची किल्ली एकाकडेच ठेवा आणि वर जाणाऱ्याची नोंद ठेवा. दुसरं, कमिटी बदलते तेव्हा हमीपत्राची मूळ प्रत नव्या कमिटीला यादीवर सही घेऊन द्या. सात वर्षांनी गच्ची गळली तेव्हा दहा वर्षांचं हमीपत्र कुठल्या कपाटात आहे हे कुणालाच माहीत नसतं.

दोष दिसला की

लगेच फोडायला घेऊ नका. आधी फोटो आणि व्हिडिओ, दोन-तीन दिवस सलग, डागाभोवती पेन्सिलीने रेघ ओढून. डाग रेघेबाहेर गेला की वाढ दिसते. मग कारण शोधा. बाथरूम दोन दिवस पूर्ण बंद ठेवून थेंब थांबतात का पाहा. कोरड्या बाथरूमखालीही टपकत असेल, तर दाबाच्या पाइपावर संशय. अंघोळीनंतरच टपकत असेल, तर फरशी, सांधे किंवा सांडपाण्याचा पाइप. मोठा दोष असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अहवाल घ्या. पुढे सगळीकडे तोच उपयोगी पडतो.

फोन करा, पण त्याच दिवशी लेखीही कळवा. ईमेल आणि पोच मिळणारं स्पीड पोस्ट. पत्र लहान ठेवा: ताब्याची किंवा काम संपल्याची तारीख, दोष काय, कधी दिसला, कराराचं किंवा कायद्याचं कलम, किती दिवसांत दुरुस्ती हवी, सोबत फोटो. राग पत्रात आणू नका. बिल्डरला लिहिताना "रेरा कलम १४(३) नुसार ३० दिवसांत" हे शब्द असू द्या. पाच वर्षांची अट दोष कळवण्याची आहे, म्हणून पोचपावतीवरची तारीख जपा. पाणी वीजजोडणीपर्यंत पोहोचलं आणि थांबणं धोक्याचं असेल, तर तसं कळवून तातडीची दुरुस्ती करा आणि बिलं ठेवा.

माणूस दुरुस्तीला आला तर काय केलं ते लिहून सही घ्या. वरून सीलंट फासून जाणं ही दुरुस्ती नव्हे. पुन्हा पाणी भरून तपासा.

ऐकलंच नाही तर बिल्डरविरुद्ध महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते. शुल्क ५००० रुपये. तिथे सलोखा मंचही आहे, दोघांची तयारी असेल तर सुनावणीआधी मिटतं. रेराऐवजी ग्राहक आयोगाकडेही जाता येतं. दोन्ही वाटा खुल्या आहेत हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. ठेकेदाराविरुद्ध ग्राहक आयोगच. ५० लाखांपर्यंत मोबदला दिला असेल तर जिल्हा आयोग, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. सुरुवातीला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करून पाहा, कंपनीच्या मालाच्या तक्रारीत त्याचा उपयोग होतो.

पण ग्राहक आयोगाला तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे. "पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो", "दिवाळीनंतर करू", "गावाला गेलोय" यांत ही दोन वर्षं कशी जातात कळत नाही. आलेला प्रत्येक वायदा मेसेजवर लिहून मागा, आणि तीन वायदे मोडले की नोटीस पाठवा.

कॅलेंडरवर एक तारीख

ताबा मिळाल्यापासून साडेचार वर्षांनी येणारा दिवस आजच मोबाइलमध्ये टाका. त्या आठवड्यात पुन्हा नाणं, बादली आणि टॉर्च घेऊन घरभर फिरा, आणि शेजाऱ्यांनाही फिरायला सांगा. कॉलमच्या तळाशी उभे तडे, गॅलरीच्या स्लॅबखाली दिसणारा गंजाचा पट्टा, लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी, पार्किंगच्या छतातली ओल, सगळं टिपा. मग सोसायटीच्या लेटरहेडवर एकच पत्र, सगळ्या फ्लॅटच्या यादीसह आणि फोटोंसह, पाच वर्षं पुरी होण्याआधी बिल्डरकडे पोहोचवा आणि पोच फाइलला लावा.